विचार-वर्तन उपचार : घ्यावा की न घ्यावा?

‘मला काही वेड लागलेलं नाही,’ हे मानसोपचाराचा विषय निघाला की आपल्याकडे ऐकू येणारे पहिले वाक्य. दुसरे वाक्य असते, ‘नुसतं बोलून काय होणार?’ पहिल्या वाक्याचे उत्तर सोपे आहे. दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडे जाणाऱ्याला आपण असाध्य रोगी समजत नाही. मन दुखते म्हणून जाणाऱ्यालाही समजू नये. दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर मिळाल्यावाचून कोणी आपला वेळ आणि पैसा खर्च करावा, असे मी म्हणणार नाही.

या उपचाराचे इंग्रजी नाव ‘कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी’. आपण त्याला विचार-वर्तन उपचार म्हणू. याच्या मुळाशी दोन अमेरिकन माणसे आहेत. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ पद्धत मांडली. ती आपल्याकडे रुजविण्याचे काम मुंबईत कि. मो. फडके यांनी केले. दुसरे फिलाडेल्फियाचे आरन बेक. खिन्नतेने ग्रासलेल्या रुग्णांशी बोलताना त्यांना आढळले की, स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी काही कडवट विचार या रुग्णांच्या मनात आपोआप येतात, आणि रुग्ण ते तपासून न पाहता खरे मानतो. हे विचार तपासायला शिकवावे, या कल्पनेतून १९६० नंतरच्या दशकात त्यांची पद्धत उभी राहिली.

एक उदाहरण घेऊ. समजा, ठाण्याचा एक नोकरदार लोकलने दादरला निघाला आहे. गर्दीत त्याची छाती धडधडू लागते, घाम फुटतो. त्याच्या मनात येते, ‘हा हार्ट अटॅकच!’ या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या विचाराला जणू पुरावाच पुरवते. पुढल्या स्टेशनात तो उतरतो. डॉक्टर तपासून सांगतात, हृदय ठणठणीत आहे. तरी दुसऱ्या दिवशी गाडीत पाय ठेववत नाही. आठवडाभराने रजा, महिन्याने बिनपगारी रजा, आणि घरात कुरबुर. आता गंमत अशी की, गाडी टाळल्याने त्याला बरे वाटते; पण टाळल्यामुळेच ‘गाडीत बसलो असतो तरी काही झाले नसते’ हे कळण्याची संधी हुकते. भीती जगते ती या टाळण्यावर.

येथे उपचारक काय करतो? तो ‘घाबरू नका हो’ असे सांगत बसत नाही. ते तर घरचे सांगतच असतात. तो या माणसाला कागद-पेन्सिल घेऊन प्रसंग, त्या वेळचा विचार, त्या विचाराच्या बाजूचा पुरावा आणि विरुद्धचा पुरावा लिहायला लावतो. मग पायऱ्या ठरतात. आधी नुसते फलाटावर थांबायचे, मग दुपारच्या मोकळ्या गाडीने मुलुंडपर्यंत, मग घाटकोपर, मग दादर. प्रत्येक पायरीवर भीती चढते, आणि न पळता थांबले की पुष्कळदा ओसरते. तात्पर्य, ‘नुसतं बोलणं’ असे हे नव्हे. हा एक अभ्यास आहे, आणि गृहपाठ हा त्याचा कणा आहे.

गुण येतो काय? गोव्यातले उदाहरण बोलके आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र खिन्नता असलेल्या ४९५ प्रौढांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्रशिक्षण दिलेल्या, पण पेशाने डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी या घराण्यातला, वर्तनावर भर देणारा छोटा उपचार काहींना दिला. तीन महिन्यांनी त्यांपैकी १०० त ६४ जणांची खिन्नता लक्षणीय ओसरली होती. केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ होते. म्हणजे गुण येतो, पण सर्वांना येत नाही. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्या.

तेव्हा निर्णय करताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पहिला, माझा त्रास नेमका कोणता? भीती, खिन्नता, अकारण काळजी, पुनःपुन्हा हात धुण्यासारखी सक्ती, या तक्रारींत या उपचाराचा अनुभव चांगला आहे. दुसरा, आठवड्याला एक बैठक आणि मधल्या दिवसांत थोडे लेखन-सराव, एवढे माझ्याने होईल काय? बैठका साधारण ६ ते २० लागतात. श्रद्धा नसली तरी चालेल. सराव मात्र हवा. तिसरा, उपचारक कोण? त्याचे शिक्षण, या पद्धतीचे प्रशिक्षण आणि फी विचारण्यात संकोच नको. पहिल्या एकदोन भेटींत उद्दिष्ट न ठरविता नुसता उपदेश करणारा भेटला, तर दुसरा शोधावा. चौथा, गुण आला हे कशावरून ओळखायचे? ‘पुन्हा गाडीने ऑफिसला जाईन’ असे मोजता येणारे काही आधीच लिहून ठेवावे आणि पाचसहा बैठकांनंतर उपचारकासह ताळा पाहावा.

काही ठिकाणी थांबायला हवे. भास होत असतील, किंवा झोप नसताना भलताच उत्साह संचारला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. जीव द्यावासा वाटत असेल, तर विचार करीत बसू नये. त्याच दिवशी घरच्या कोणाला सांगावे, रुग्णालय गाठावे, किंवा १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर फोन करावा. चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत; गोळ्या आणि हा उपचार पुष्कळदा हातात हात घालून चालतात.

आणखी एक. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘तुमचा विचार चुकतो’ असे सांगणे हा उपचार नव्हे, अन्याय आहे. तिला आधी संरक्षण हवे. जेथे परिस्थितीच वाईट आहे, तेथे परिस्थिती बदलण्याला बळ देणे, एवढेच या पद्धतीचे काम.

आपल्या घरात कोणी काही दिवस गाडी, कॉलेज किंवा माणसे टाळू लागले असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी हे चार प्रश्न त्याच्यापुढे ठेवून पाहा. टाळण्याचा एकेक महिना परतीची वाट लांबवीत असतो. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.