तारपा स्क्रीनवर कधी घुमणार?

दोस्तांनो, डहाणू-तलासरीच्या कट्ट्यावर गेम म्हणजे मोबाइल. कन्सोल कितीजणांना परवडतो? तरी एक्सबॉक्सची जपानमधली गोष्ट ऐकाच.

फेब्रुवारी २००२मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स जपानमध्ये उतरवला. तिथे सोनी, निन्टेंडो घरचेच. एक्सबॉक्सचा कंट्रोलर इतका जाडजूड, की जपानसाठी छोटा बनवावा लागला. मशीन दमदार, पण तिथल्या पोरांच्या आवडीचे गेम कमी. डाळ शिजली नाही. पुढे २००६मध्ये एक्सबॉक्स ३६०वर 'ब्लू ड्रॅगन' आला, पात्रं 'ड्रॅगन बॉल'वाल्या अकिरा तोरियामांची. तेव्हा कुठे जरा गर्दी जमली. बाजी मात्र घरच्यांनीच मारली.

म्हणजे मशीन कुणाचंही असो, माणूस त्यात आपली गोष्ट शोधतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने हेच ओळखलं. आपल्या पुराणकथांवरचा त्यांचा 'राजी' २०२०मध्ये आधी आला तो जपानी निन्टेंडो स्विचवर!

आता आपलं बघा. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी वारली चित्रं जगभर नेली. त्या चित्रांतला तारपा गेममध्ये कोण आणणार? बाहेरच्याने आणला, तर नाच कुठल्या बाजूने फिरतो हे त्याला कोण सांगणार? गोडोसारखं गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गोष्ट आजीकडे आहे. सुट्टीत दोघांना एकत्र बसवा की!