हलत्या हाताचे गणित

हात गमावलेल्या माणसाने मनात आणावे आणि कृत्रिम बोटे एकेक करून हलावीत, हे स्वप्न नवे नाही. प्रचलित विद्युत्-हात स्नायूतील एकंदर खळबळ तेवढी ओळखतो; बारीक आज्ञा त्यास कळत नाहीत. त्या कळावयाच्या तर 'मोटर युनिट'पर्यंत पोचले पाहिजे. मज्जारज्जूतील एक चेतापेशी आणि तिच्या हुकमतीतील सारे स्नायुतंतू मिळून हा घटक होतो. १९२५ साली लिडेल व शेरिंग्टन यांनी त्याचे नामकरण केले. १९२९ साली एड्रियन व ब्रॉंक यांनी स्नायूत सुई टोचून त्याचे स्पंद टिपले.

आता सुईवाचूनही हे साधते. त्वचेवर साठ-चौसष्ट इलेक्ट्रोडांची जाळी चिकटवितात आणि मिसळलेल्या संकेतांतून एकेक घटक गणिताने वेगळा काढतात. देवळात आरती रंगात आली असता भिंतीबाहेरून प्रत्येक झांज निराळी ओळखावी, तसलेच हे काम. स्लोव्हेनियातील होलोबार व झाझुला यांनी २००७ साली मांडलेली पद्धत यात विशेष गाजली. २०१७ साली दारिओ फारिना आणि सहकाऱ्यांनी, शस्त्रक्रियेने अन्य स्नायूंकडे वळविलेल्या चेतांचे संकेत हात गमावलेल्यांमध्ये अशाच रीतीने उलगडून दाखविले.

परंतु या यशाचा बराचसा भाग हात पट्ट्याने जखडून, स्थिर ठेवून मिळविलेला आहे. प्रत्येक घटकाच्या स्पंदाचा जाळीवर विशिष्ट ठसा उमटतो. तीच त्याची ओळख. हात वाकला की स्नायू आखूड होतो, त्वचेखाली सरकतो आणि ठसा पालटतो. मग गणित एकाच घटकास दोन समजते किंवा तो हरवून बसते. संथ, पुनःपुन्हा होणाऱ्या हालचालीत सांध्याच्या कोनागणिक गाळणी बदलत नेऊन मार्ग निघू लागला आहे. पण घास घेणारा हात कोठे इतका शिस्तीत चालतो?

दुसरी अडचण कमी बोलली जाते. त्वचेखालील मेदाच्या थराने संकेत पुसट होतो, खोलवरचे घटक निसटतात. स्त्रियांमध्ये सामान्यतः कमी घटक सापडतात. तेव्हा यश सांगताना कोणता स्नायू, किती हालचाल, कोणाच्या शरीरावर, हेही सांगितले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

स्थिर स्नायूत निष्कर्षाचा ताळा सुईशी घेता येतो. वेगवान हालचालीत सुईच जागा सोडते. तेथे पडताळा कशाने घ्यावयाचा, हे कोडे अद्याप संशोधकांपुढे आहे.