दुर्बिणीला जोडलेला मोबाइल

मोराचे अश्रू पिऊन लांडोर गर्भवती होते, ही समजूत आजही ऐकू येते. ती खोडण्यास शिक्षकाचा शब्द पुरेसा नाही. 'एहि पस्सिको', म्हणजे या आणि स्वतः पाहा, ही धम्माची रीत. परंतु दुर्बिणीतून एका वेळी एकच विद्यार्थी पाहतो, आणि मोर तोवर थांबत नाही. दुर्बिणीला मोबाइल जोडल्यास तेच दृश्य सर्वांना दिसते. शिवाय पुरावा म्हणून जपता येते. इतिहासाच्या शिक्षकाला पुराव्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

यातील खरी मेख अंतराची आहे. ८×४२ दुर्बीण म्हणजे आठपट वर्धन आणि ४२ मिलिमीटर व्यासाची पुढील भिंगे. ४२ ला ८ ने भागल्यास ५.२५ येतात, डोळ्याकडील भिंगामागे तेवढ्याच मिलिमीटरची प्रकाशाची टिकली पडते. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग नेमके त्या टिकलीवर यावे. दुर्बिणीची रबरी कड वर-खाली करून ही जागा शोधावी. चित्राभोवती काळे वर्तुळ उरल्यास किंचित झूम करावे. जोडणीसाठी तयार अ‍ॅडॅप्टर मिळतात. हाताचा कंपही आठपट दिसतो, म्हणून तिपाई हवीच. सूर्याकडे दुर्बीण कदापि रोखू नये.

पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली घोषित झाले. लांडोर जमिनीवरच अंडी घालते. तेव्हा विणीच्या काळात दुरूनच पाहावे. मोर-लांडोरीचे मीलन इतर पक्ष्यांप्रमाणेच, आणि क्षणभराचे असते. पिसारा फुलताच व्हिडिओ सुरू करावा.