विकला गेलेला चापू

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरच्या जमिनीखाली एक जुनी नहर आहे, ठाऊक आहे ना? डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून कुठल्याही यंत्राशिवाय, नुसत्या उतारानं शहरात यायचं. ही नहर-ए-अंबरी बांधवून घेणारा माणूस लहानपणी गुलामांच्या बाजारात विकला गेला होता!

१५४८च्या सुमारास तो इथिओपियात जन्मला. नाव चापू. आईबाप सुटले, देश सुटला. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, पार बगदादपर्यंत. तिथं नावही बदललं, अंबर झालं. तुमच्याएवढ्या पोराचं सगळंच गेलं म्हणायचं! पण बगदादच्या मालकानं त्याला लिहिणं-वाचणं, हिशेब शिकवला आणि अंबरनं ते मन लावून शिकून घेतलं. ते मात्र कुणाला काढून घेता आलं नाही.

पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही एकेकाळचा हबशी गुलामच. तो वारल्यावर त्याच्या पत्नीनं अंबरला मोकळं केलं. हाती ना जमीन, ना गणगोत. वीसेक वर्षं त्यानं शिपाईगिरी केली, दीडशेच घोडेस्वार जमवले. १६००मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा बुडत्या निजामशाहीला यानंच उभं धरलं.

१६१०मध्ये त्यानं खडकी गाव वसवलं, तेच आजचं हे शहर. खरी परीक्षा पुढंच होती. १६१६मध्ये रोषणगावच्या लढाईत तो हरला. मोगलांनी खडकीत शिरून घरं-वाडे जाळले, पाडले. सहा वर्षांची मेहनत, आणि वय सत्तरीला टेकलेलं! अंबर परतला, पुन्हा बांधायला लागला. १६२१मध्ये पुन्हा तोच घाला. तरी १६२४मध्ये भातवडीला त्यानं मोगल आणि आदिलशाही फौजांना मिळून हरवलं. शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले.

अंबरच्या छाटलेल्या डोक्यावर आपण बाण मारतोय, असं चित्र बादशहा जहांगीरनं काढवून घेतलं होतं. चित्रातच हो! प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. १६२६मध्ये म्हातारपणानं वारला.

खुलताबादला त्याची कबर आहे. वेरूळची सहल निघाली, की गुरुजींना सांगून तिथं जरा थांबा.