घरासाठी वाय-फाय राउटर: आधी मोजा, मग घ्या

पेट किंवा सीएसआयआर-नेटची तयारी करणारे मित्र हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात, 'इंटरनेट स्लो आहे, कोणता राउटर घेऊ?' पीएचडीच्या ऑनलाइन मुलाखतीत आवाज तुटायला लागला की हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. पण तो अर्धवट आहे. स्लो नेमकं काय आहे? बाहेरून येणारी लाईन, घरातला वाय-फाय, की तुमचा लॅपटॉप?

आमच्या पोहरादेवीतलं एखादं घर समजा. दादाचा दहा वर्षं जुना लॅपटॉप, तुमचा नवा लॅपटॉप, एक डेस्कटॉप आणि चार मोबाइल. आता क्रमाने बघू.

१. आधी कंट्रोल रीडिंग

लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. सकाळी, दुपारी, रात्री, प्रत्येक वेळी तीनदा. मग त्याच जागी वाय-फायवर, मग आतल्या खोलीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबलवरही वेग कमीच असेल, तर बहुतेक वेळा दोष लाईनचा असतो. रामनवमीच्या यात्रेला इथे लाखो भाविक येतात, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. तुमचा राउटर सिमकार्डवर चालत असेल, तर त्या गर्दीतला टॉवरचा भार कोणताही महागडा राउटर कमी करू शकत नाही.

२. घरातली यंत्रं तपासा

वाय-फाय मुख्यतः दोन बँडवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण १२ सेंमी. ती भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचते, पण तिथे गर्दी जास्त. ५ गिगाहर्ट्झची साधारण ६ सेंमी. वेग जास्त, पण भिंतीत लवकर मार खाते. बरेच जुने लॅपटॉप फक्त २.४ ओळखतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अ‍ॅडॉप्टरचं मॉडेल बघा आणि त्याची माहिती शोधा. म्हणून राउटर ड्युअल बँडच हवा.

जुन्या यंत्राचा त्रास इतरांनाही होतो. नळावर कुणी अरुंद तोंडाची घागर लावली की मागची रांग थांबते ना, तसंच. एकाच चॅनलवर एका वेळी साधारण एकच यंत्र बोलतं. ६ एमबीपीएसवर जोडलेला लॅपटॉप ३०० एमबीपीएसवाल्याच्या तुलनेत तेवढ्याच फाइलसाठी ५० पट वेळ चॅनल अडवतो. म्हणून जुनी यंत्रं २.४ वर ठेवा, नवी ५ वर. डेस्कटॉप तर जागचा हलत नाही, त्याला सरळ केबल द्या.

३. खोक्यावरचे आकडे

'एसी १२००' म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची ढोबळ बेरीज. कोणत्याही एका लॅपटॉपला १२०० मिळत नाहीत. प्रत्यक्षात तर ८६७ सुद्धा नाहीत, कारण तो आकडा आदर्श स्थितीतला असतो. शिवाय काही स्वस्त राउटरचे केबलचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. तुमचा प्लॅन ५० चा असेल तर चालेल, २०० चा असेल तर गिगाबिट पोर्ट बघूनच घ्या.

४. सुरक्षा

डब्ल्यूपीए३ हे २०१८ मध्ये आलं. त्याआधीच्या बऱ्याच यंत्रांना ते जमत नाही. त्यामुळे डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालणारा मिश्र मोड हवा. जुना लॅपटॉप जोडला जावा म्हणून पासवर्डच काढून टाकायचा, हे मात्र करू नका.

५. जागा आणि वीज

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. टिनपत्रा आणि लोखंडी कपाट सिग्नल अडवतात. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांना छोटा यूपीएस पुरतो. फायबर असेल तर त्याच्या डब्यालाही बॅकअप द्या, नाहीतर वीज गेल्यावर राउटर चालू आणि इंटरनेट बंद.

बऱ्याच घरांत एवढं मोजल्यावर कळतं की नवा राउटर नकोच होता, जागा बदलणं किंवा जुन्या लॅपटॉपला ड्युअल बँड यूएसबी अ‍ॅडॉप्टर लावणं पुरेसं होतं. आधी दोष कुठे आहे ते शोधायचं, मग उपाय. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो. तुमची रीडिंग्ज वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवा, कंपनीकडे तक्रार करतानाही तीच कामाला येतात.