ऑफिसच्या व्हॉइसमेलला दोन दारं असतात, मग तुमचा निरोप कोण कोण ऐकू शकतं?

एखाद्या कंपनीच्या नंबरवर फोन लावला, कुणी उचलला नाही आणि 'बीपनंतर आपला निरोप सांगा' असं ऐकू आलं. आपण नाव, नंबर, थकलेल्या बिलाचा आकडा, कधी आजारपणाचं कारणही सांगून मोकळे होतो. पण तो निरोप नंतर कुणाकुणाला ऐकता येतो?

निरोप जातो कुठे?

ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजला पीबीएक्स म्हणतात. पूर्वी ते मोठं यंत्र असायचं, आता बहुतेकदा सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर असतं. ॲस्टरिस्क हे त्यातलं प्रसिद्ध नाव. अमेरिकेच्या मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ते सुरू केलं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येतं. ते ब्राउझरमधून चालवता यावं म्हणून फ्री-पीबीएक्स वापरतात. यात एक्स्टेन्शनला स्वतःचा मेलबॉक्स देता येतो आणि त्या मेलबॉक्सपर्यंत दोन वाटा जातात.

पहिलं दार : कर्मचाऱ्याचं

फ्री-पीबीएक्समध्ये टेबलावरच्या फोनवरून स्टार ९७ दाबायचं आणि पिन टाकायचा. १ दाबलं की मेसेज ऐकू येतात. मेसेज नको असेल तर ७ दाबून डिलीट करायचा. मुख्य मेनूत ० आणि मग ५ दाबलं की पिन बदलता येतो. फोनची बटणं नको असतील तर ब्राउझरमध्ये यूझर कंट्रोल पॅनेल आहे. तिथे मेसेजची यादी दिसते, ऐकता येते, डाउनलोडही करता येते. इथे कर्मचाऱ्याला साधारणपणे फक्त स्वतःचा मेलबॉक्स दिसतो.

दुसरं दार : ॲडमिनचं

ॲडमिनच्या स्क्रीनवर सगळे मेलबॉक्स असतात. नवा मेलबॉक्स उघडणं, पिन रीसेट करणं, किती मेसेज साठवायचे ते ठरवणं ही त्याची कामं. मेसेजची ऑडिओ फाइल कोणत्या ईमेलवर पाठवायची, हेही तोच भरतो. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा ईमेल तिथे तसाच राहिला, तर निरोप त्याच्याकडे जात राहतात.

ॲस्टरिस्कच्या नेहमीच्या मांडणीत पिन एका साध्या फाइलमध्ये, वाचता येईल असा लिहिलेला असतो. मेसेज सर्व्हरवर ऑडिओ फाइल म्हणून पडलेले असतात. सर्व्हरवर शिरकाव असलेल्याला ते ऐकायला पिन लागतच नाही. शिवाय थेट फाइल ऐकली, तर कर्मचाऱ्याच्या फोनवर तो मेसेज 'नवा'च दिसतो. कुणी आधी ऐकलाय, हे त्याला कळत नाही.

मग धोका कुठे?

बहुतेक वेळा पिनमध्ये. ॲस्टरिस्कमध्ये नव्या माणसाकडून आधी नाव रेकॉर्ड करून घ्यायची सोय आहे. पण माणूस नवा आहे हे सिस्टिम ओळखते कसं? ज्याचा पिन आणि मेलबॉक्स नंबर एकच, तो नवा! म्हणजे एक्स्टेन्शन २०१, तर पिनही २०१. तो कधी बदललाच नाही, तर बाहेरच्यालाही अंदाज लावणं सोपं जातं.

अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने ग्राहकांना याच प्रकाराबद्दल सावध केलंय. भामटे सोपे पिन शोधून व्हॉइसमेलमध्ये शिरतात आणि तिथून परदेशी कॉल लावतात. बिल मात्र कंपनीच्या नावावर.

ब्रिटनमध्ये हाच दोष मोबाइलच्या व्हॉइसमेलमध्ये दिसला. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकासाठी लोकांचे निरोप चोरून ऐकले गेले. त्यासाठी कंपनीने दिलेले, न बदललेले पिन वापरले. काही वेळा खोटी ओळख सांगून मोबाइल कंपनीकडूनच पिन रीसेट करून घेतला गेला. म्हणजे ॲडमिनच्या दारातून पहिलं दार उघडलं. २००७ मध्ये त्यांचा एक पत्रकार आणि एक खासगी गुप्तहेर तुरुंगात गेले. खून झालेल्या शाळकरी मुलीचा व्हॉइसमेलही ऐकला गेला होता, हे २०११ मध्ये बाहेर आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये १६८ वर्षांचं ते साप्ताहिक बंद झालं.

तुम्ही काय करू शकता?

- ऑफिसात मेलबॉक्स मिळाला की पहिल्याच दिवशी पिन बदला. एक्स्टेन्शन नंबर, १२३४ किंवा जन्मवर्ष नको.
- तुमचे मेसेज कोणत्या ईमेलवर जातात, ते आयटीवाल्यांना विचारा.
- तुम्ही ॲडमिन असाल, तर नुसत्या फोनवरच्या विनंतीवर पिन रीसेट करू नका. आधी माणसाची खात्री करा. कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी मेलबॉक्स बंद करा.
- निरोप ठेवताना ओटीपी, कार्ड नंबर किंवा पासवर्ड कधीच सांगू नका. नाव, नंबर आणि 'परत फोन करा' एवढं पुरतं.