विद्यार्थ्यांचे लेखन आणि मुद्रितशोधनाचे महत्त्व

छपाईपूर्वी मजकूर तपासण्याच्या क्रियेस मुद्रितशोधन असे म्हणतात. हीच शिस्त विद्यार्थ्याने स्वतःच्या निबंधास लावल्यास त्याच्या लेखनाचा विकास होतो. राजूर (ता. अकोले, जि. अहिल्यानगर) हा महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती असलेला आदिवासीबहुल परिसर आहे. येथील घरची बोली आणि ग्रंथांतील प्रमाणभाषा यांत अंतर आहे. हे अंतर दोष मानता येत नाही. तथापि उत्तरपत्रिका व नोकरीचा अर्ज प्रमाणलेखनाच्या कसोटीवरच पाहिले जातात.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ व १९७२ मध्ये ४ असे एकूण १८ लेखनविषयक नियम सिद्ध केले. ते पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या मजकुरात पडताळणे अधिक फलदायी ठरते. ‘वकील’ या शब्दाचे ‘वकिलाने’ होते. परंतु तत्सम ‘शरीर’ या शब्दाचे ‘शरीराने’ असे दीर्घ रूपच राहते. हा भेद स्वतःची ओळ दुरुस्त करताना पक्का उमगतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत तर एका वेलांटीने अर्थ पालटतो.

म्हणून प्राध्यापकांनी चुकलेल्या ओळीसमोर समासात केवळ खूण करावी व दुरुस्ती विद्यार्थ्यास शोधू द्यावी. बोलीतील अर्थपूर्ण शब्द मात्र खोडू नयेत. नियमांच्या धाकाने विद्यार्थी लिहिणेच थांबवील, तर शुद्धलेखनाचा हेतूच विफल होईल.